विकल्या गेलेल्या खुर्च्या

माझे वडील पुण्याच्या पोलीस दलात हवालदार होते आणि नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी सिनेमा थिएटरच्या बाहेर काढली. साध्या वेशात पानपट्टीपाशी उभं राहायचं आणि गर्दीत कुणी हळू आवाजात चढ्या भावानं तिकीट विकताना दिसला की त्याच्या दंडाला धरून चौकीवर न्यायचं, हे त्यांचं काम. साध्या वेशाचा फारसा उपयोग नव्हता. शहरातले सगळे ब्लॅकवाले त्यांना ओळखायचे आणि दिसले की नमस्कार करायचे.

त्यांतला एक जण कायमचा होता. तो फक्त बाल्कनीची तिकिटं विकायचा, म्हणून आमच्या घरात त्याला बाल्कनीवाला म्हणत. पप्पांनी त्याला इतक्यांदा पकडलं होतं की दोघांना एकमेकांच्या घरातली आजारपणं ठाऊक होती. आज पकडावं, उद्या त्यानं कोर्टात दंड भरावा आणि परवा पुन्हा त्याच पानपट्टीपाशी हजर व्हावं, असं ते चालायचं. दंड हा तो धंद्याचा खर्च समजायचा. पप्पांची त्याबद्दल तक्रार नव्हती. कायद्यात जेवढं लिहिलंय तेवढं आपण केलं, पुढचं कायदा बघेल, असं ते म्हणायचे.

मग मल्टिप्लेक्स आली. शुक्रवारचा दर वेगळा, रविवारचा वेगळा, दिवाळीत आणखी वेगळा. जास्त भावानं तिकीट विकायचं काम थिएटरवाल्यांनी स्वतःच हातात घेतलं आणि ब्लॅकवाल्यांचा धंदा बसला. पप्पांची बदली वाहतूक शाखेत झाली. बाल्कनीवाल्यानं बुधवार पेठेत मोबाइलच्या कव्हरांचं दुकान टाकलं. अशा रीतीनं दोघेही उदारीकरणातून बाहेर पडले.

मी ज्या वर्षाबद्दल सांगतेय तोवर पप्पा निवृत्त झाले होते, आईही सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाली होती, आणि मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करत होते. आम्ही विश्रांतवाडीत राहायचो. संध्याकाळी घरी तिघं, तीन मोबाइल आणि एक टीव्ही.

आई मूळची लोणी काळभोरची. पुण्यात तिची सगळी नोकरी झाली तरी चिडली की तिच्या तोंडी गावची भाषा यायची. तिच्या लहानपणी लोणीला भीमजयंतीच्या कार्यक्रमाला एक गाणारी बाई आली होती. ती बाई तेव्हा तरुण होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभी राहून तिनं रात्रभर गाणी म्हटली आणि सकाळी आईच्या घरी पिठलं-भाकरी खाल्ली. पुढे ती बाई खूप मोठी झाली. कॅसेटी आल्या, मग सीड्या आल्या. आमच्याकडे पाहुणे आले आणि कुठूनही तिचं गाणं ऐकू आलं, की आई सांगायची, ‘ही आमच्याकडं जेवून गेलीय.’ पाहुण्यांना हे पाठ होतं.

त्या वर्षी त्या गायिकेनं जाहीर केलं की आता गळा साथ देत नाही, पुण्यात एक शेवटचा कार्यक्रम करून थांबायचं. कार्यक्रम मोठ्या सभागृहात होता आणि तिकिटं फक्त ऑनलाइन होती. आईनं ही बातमी वाचली, चष्मा काढून ठेवला आणि मला म्हणाली, ‘तू कॉम्प्युटरमध्ये आहेस ना?’

‘आहे.’

‘मग दोन तिकिटं काढ.’

शनिवारी सकाळी दहाला विक्री सुरू होणार होती. मी लॅपटॉप घेऊन बसले. आई शेजारी खुर्ची ओढून बसली. पप्पा मागे हात बांधून उभे राहिले. दहा वाजले, पान उघडलं, सभागृहाचा नकाशा दिसला. हिरव्या खुर्च्या मोकळ्या आणि करड्या विकल्या गेलेल्या. मी एका हिरव्या खुर्चीवर बोट ठेवलं तोच ती करडी झाली. दुसरी निवडली, तीही गेली. मग सगळा नकाशाच करडा झाला. आईनं विचारलं, ‘बिघडलं का?’

‘संपली.’

‘आत्ता तर दहा वाजले.’

चहा होईपर्यंत त्याच खुर्च्या दुसऱ्या एका साइटवर दिसायला लागल्या, कितीतरी पट भावानं. ओळच्या ओळ, एकाच खात्यावरून. मी ते दोघांना दाखवलं. पप्पांनी स्क्रीनजवळ येऊन ती यादी नीट वाचली.

‘हा माणूस लायनीत कुठे होता?’

‘माणूस नव्हता. प्रोग्राम होता. तो एका झटक्यात शंभर ठिकाणी फॉर्म भरतो आणि बटण दाबतो. माणसाचं बोट पोचेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं.’

‘असे प्रोग्राम कोण लिहितं?’

माझी नोकरी साधारण हीच होती. आमच्या क्लायंटचं पान उघडणारा, नाव-पत्ता भरणारा, बटण दाबणारा प्रोग्राम लिहायचा आणि पान नीट चालतंय का ते बघायचं. मी तसं सांगितलं.

‘म्हणजे तू हेच करतेस.’

‘फक्त शेवटी तिकीट येत नाही, पप्पा. रिपोर्ट येतो.’

‘बरं,’ पप्पा म्हणाले. त्या ‘बरं’मध्ये माझी आतापर्यंतची सगळी पगारवाढ तपासली गेल्यासारखं मला वाटलं.

रविवारी ते मला घेऊन पोलीस चौकीत गेले. तिथला सबइन्स्पेक्टर तरुण होता. त्यानं उठून ‘जय भीम, काका’ म्हणून पप्पांना खुर्ची दिली. पप्पांनी उभ्याउभ्याच तक्रार सांगितली. चौकीत बसून बोलायची त्यांना सवय नव्हती. सबइन्स्पेक्टरनं शांतपणे ऐकलं आणि पेन हातात घेतलं.

‘इसम कुठे उभा होता?’

‘कुठेच नाही.’

‘येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून विकत होता?’

‘नाही.’

‘तिकिटं खोटी आहेत?’

‘खरी आहेत. पैसे भरून घेतली आहेत.’

‘मग काका, गुन्हा काय लावू?’

‘सगळी घेतली.’

‘सगळी घेऊ नयेत असं कुठे लिहिलंय?’

पप्पा विचार करायला लागले. आपण इतकी वर्षं वापरलेल्या कायद्यातला ब्लॅकवाला कुठल्या तरी थिएटरच्या बाहेर उभा आहे, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. या नव्या ब्लॅकवाल्याला पाय नव्हते, आवाज नव्हता, पानपट्टी नव्हती. मी म्हटलं, ‘अमेरिकेत असा प्रोग्राम वापरून तिकिटं घ्यायला बंदी करणारा कायदा झालाय. आमच्या क्लायंटकडचा एक जण सांगत होता.’

‘तिथे केस होतात का?’ सबइन्स्पेक्टरनं विचारलं.

‘तो म्हणाला, फारशा नाही होत.’

‘मग आपल्यासारखाच आहे,’ असं म्हणून त्यानं अर्ज लिहून घेतला, शिक्का मारला आणि सायबरकडे पाठवतो म्हणाला. आम्ही निघालो तेव्हा तो दारापर्यंत आला आणि आवाज खाली करून म्हणाला, ‘काका, कुठे दोन तिकिटं मिळाली तर मलाही सांगा. आई मागे लागलीय.’

स्कूटरपाशी आल्यावर मी पप्पांना एक गोष्ट सुचवली. आयोजकांनी थोडी तिकिटं मागे ठेवली होती, ती पुढच्या आठवड्यात सुटणार होती. ‘मीही तसा प्रोग्राम लिहू शकते. आपल्याला फक्त दोनच घ्यायचीत.’

‘आणि तुझ्यापुढे जो हातानं बटण दाबत असेल तो?’

मी हेल्मेटचा पट्टा लावला.

‘दोनच घेणारेही मी पकडलेत,’ पप्पा म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

ती मागे ठेवलेली तिकिटं आईनं स्वतः काढायचा प्रयत्न केला. ती बटणावर बोट ठेवूनच बसली होती. करडा रंग आला तेव्हा तिनं लॅपटॉप बंद केला आणि म्हणाली, ‘माणसाला काय किंमत हाय का नाय?’ त्यानंतर ती दोन दिवस कमी बोलली. आमच्या घरात ही गंभीर गोष्ट होती.

मग पप्पा बुधवार पेठेत गेले. मी त्यांच्याबरोबर होते, कारण तिथे पार्किंग शोधायला त्यांना दुसरं माणूस लागतं. बाल्कनीवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा होती. आता धंदा मुलगा बघायचा आणि हा स्टुलावर बसून गिऱ्हाइकांकडे बघायचा. पप्पांना बघताच तो उठला.

‘साहेब, काय चुकलं का?’

‘नाही रे. बस. सल्ला पाहिजे.’

त्यानं चहा मागवला. पप्पांनी सगळं सांगितलं. बाल्कनीवाला ऐकताना मधूनमधून मान हलवत होता, पण चेहरा पडत चालला होता.

‘म्हणजे साहेब, तो लायनीत उभाच राहत नाही?’

‘नाही.’

‘आम्ही पहाटेपासून राहायचो. तुमच्या लाठ्या खाल्ल्या. खिडकीवाल्याला सांभाळलं. माझे पाय गेलेत त्यापायी.’ त्यानं पायांकडे बोट दाखवलं. ‘आणि हा घरी बसून?’

‘कदाचित घरीही नसेल,’ मी म्हटलं. ‘मशीन कुठल्याही देशात असू शकतं.’

बाल्कनीवाल्यानं चहाचा कप खाली ठेवला. त्याच्या धंद्याची कुणी अशी बेअब्रू केलेली त्यानं ऐकली नव्हती. मग तो म्हणाला, ‘तरी एक आहे. तिकीट शेवटी नाशवंत माल. खेळ सुरू झाला की त्याची रद्दी होते. आम्ही घंटा झाली की मिळेल त्या भावाला द्यायचो, छापील किमतीच्याही खाली. यालाही द्यावंच लागेल. तुम्ही त्या दिवशी दारावर या. मीही येतो.’

‘मी ब्लॅकनं घेणार नाही,’ पप्पा म्हणाले.

‘साहेब, छापील भावाच्या खाली घेतलं तर ते ब्लॅक कसं?’

पप्पांनी चहा संपवला आणि आम्ही निघालो. संगमवाडीच्या सिग्नलला ते म्हणाले, ‘पॉइंट आहे त्याचा.’

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आम्ही सभागृहाबाहेर पोचलो. आईनं ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती. बाल्कनीवाला आधीच आला होता आणि सवयीनं भिंतीला पाठ लावून उभा होता. तिकीट नसलेली आणखी बरीच माणसं होती. वयस्कर जोडपी, कुणाच्या हातात जुन्या कॅसेटी, एक बाई थेट दौंडहून आलेली. मी मोबाइलवर ती दुसरी साइट उघडून उभी होते आणि दर थोड्या वेळानं बाल्कनीवाला विचारत होता, ‘पडला का भाव?’

‘नाही.’

‘पडेल.’

पहिली घंटा झाली, दुसरी झाली. भाव तोच. तिसरी घंटा झाली आणि साइटवरची सगळी यादी नाहीशी झाली. कार्यक्रमाची वेळ झाली की विक्री आपोआप बंद होत होती. मी मोबाइल त्याच्या हातात दिला.

‘म्हणजे विकतच नाही आता?’

‘नाही.’

‘उरलेली?’

‘तशीच राहिली. थोडी विकली गेली तरी त्याचे पैसे सुटत असतील. बाकीच्यांचं त्याला काही नाही.’

बाल्कनीवाल्यानं मोबाइल माझ्याकडे परत दिला. ‘जागा रिकामी जाऊ देतो,’ तो पप्पांना म्हणाला. ‘साहेब, हा आमच्यातला नाही.’

दार अजून पुरतं लागलं नव्हतं. फटीतून आत बघितलं तर पुढच्या ओळी मोकळ्या होत्या, मधल्याही बऱ्याच. पप्पा दारापाशी उभ्या असलेल्या आयोजकाकडे गेले. तो गळ्यात ओळखपत्र घातलेला, घामाघूम झालेला माणूस होता.

‘खुर्च्या रिकाम्या आहेत.’

‘विकल्या गेल्यात, काका.’

‘बसलंय कोण?’

‘विकल्या गेल्यात.’

‘मला दिसतंय की कुणी बसलेलं नाही.’

‘तुम्हाला दिसतंय ते बरोबर आहे. पण त्या विकल्या गेल्यात. मी कुणाला बसवलं आणि तिकीटवाला आला तर?’

‘येणार नाही.’

‘आला तर?’

पप्पांना हा माणूस मनातून पटला असावा. नोकरीत असते तर तेही असंच बोलले असते. ते मागे सरले, आयोजक आत गेला. त्यांच्या मागे आई उभी होती. ती एवढंच म्हणाली, ‘सरका,’ आणि दाराकडे निघाली. दारावरच्या रखवालदारानं हात आडवा केला. आई म्हणाली, ‘मी सिस्टर आहे.’ तिच्या पांढऱ्या साडीकडे बघून त्यानं घाईघाईनं दार उघडलं आणि ‘कुणाला काय झालं?’ असं विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही. आयुष्यभर ती वॉर्डात जशी शिरायची तशी सरळ आत गेली आणि दुसऱ्या ओळीत बसली. खोटं ती एक अक्षरही बोलली नव्हती.

पुढचं आम्हाला दाराच्या फटीतून ऐकू आलं आणि आईनं नंतर सांगितलं. गायिकेला दोघींनी धरून स्टेजवर आणलं, खुर्चीत बसवलं. तिनं एक गाणं म्हटलं. आवाज खरंच थकला होता. टाळ्या वाजल्या तेव्हा तिनं डोळ्यांवर हात धरून समोर पाहिलं.

‘पुढं माणसं का न्हाईत?’

निवेदक पुढे येऊन म्हणाला, कार्यक्रम हाउसफुल्ल आहे. ती त्याच्याकडे बघत राहिली. तेव्हा दुसऱ्या ओळीतून आईचा आवाज आला, ‘माणसं बाहेर उभी हायेत, ताई. आत घेत न्हाईत.’

‘का?’

‘खुर्च्या इकल्यात म्हणत्यात.’

गायिकेनं पेटीवाल्याला हातानंच थांबवलं. ‘मग जरा पाणी पिते मी,’ ती म्हणाली. ‘माणसं बसली की सांगा.’ आणि खरोखरच ती पाणी प्यायली. खूप हळू प्यायली.

आयोजक धावत दाराशी आला, कुणाशी तरी मोबाइलवर बोलला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, ‘या. पण तिकीटवाला आला तर उठावं लागेल.’ सगळे आत शिरले. पप्पा शिरले नाहीत. ‘माझ्याकडे तिकीट नाही,’ ते म्हणाले.

‘कुणाकडेच नाही, पप्पा.’

‘ते ज्याचं त्यानं बघावं.’

तेव्हा बाल्कनीवाल्यानं त्यांना दंडाला धरलं. इतक्या वर्षांत हे कायम उलट बाजूनं झालं होतं, आणि पप्पांना कसा विरोध करायचा ते सुचलं नाही. ‘चला, साहेब,’ तो म्हणाला, ‘गर्दी करू नका दारात.’ त्यानं त्यांना आईच्या शेजारी नेऊन बसवलं. पप्पा पहिल्या दोन गाण्यांपर्यंत खुर्चीच्या कडेवर बसून होते, मालक आला तर चटकन उठता यावं म्हणून. तिसऱ्या गाण्याला ते मागे टेकले. मी कडेला उभी होते, तिथून मला त्यांचे हात दिसत होते; ते गुडघ्यावर ठेका धरत होते आणि आई त्यांच्याकडे न बघता हसत होती.

कार्यक्रमानंतर आई स्टेजमागे गेली. गायिका खुर्चीत बसून औषधाच्या गोळ्या मोजून घेत होती. आईनं लोणीचं सगळं सांगितलं. ट्रॉली, रात्रभरची गाणी, पिठलं.

गायिकेनं नीट ऐकून घेतलं. ‘आठवत न्हाई, बाई,’ ती म्हणाली. ‘पिठलं तर सगळ्याच गावांत खाल्लं.’

‘चालेल,’ आई म्हणाली.

‘मघाशी तूच बोललीस ना? दुसऱ्या ओळीतून?’

‘हो.’

‘ते ध्यानात राहील,’ असं म्हणून तिनं आईचा हात हातात घेतला आणि नाडी बघितल्यासारखा बराच वेळ धरून ठेवला. घरी येईपर्यंत आईनं त्या हातानं कशालाही स्पर्श केला नाही, रिक्षाच्या दांडीलासुद्धा.

पप्पांनी त्यानंतर कायद्याचा पाठपुरावा सुरू केला. एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात ते तीनदा जाऊन आले. तिथल्या माणसानं विचारलं, ‘काका, या प्रश्नावर किती लोक मोर्चा काढतील?’ पप्पांनी प्रामाणिकपणे सांगितलं की दोन, आणि त्यातल्या एकाचे पाय गेलेत. विषय वरती पाठवतो असं उत्तर मिळालं. चौकीतला अर्जही सायबरकडे गेला, तिथून पुन्हा चौकीत आला, कारण तिकिटं चौकीच्या हद्दीतल्या सभागृहाची होती. सबइन्स्पेक्टरनं फोन करून हे कळवलं आणि शेवटी म्हणाला, ‘माझी आईही त्या दिवशी आत होती, काका. दौंडच्या एका बाईंच्या शेजारी.’

आयोजकांना मात्र त्या संध्याकाळची लाज वाटली असावी. त्यांनी आपल्या पुढच्या, दुसऱ्या कलाकाराच्या कार्यक्रमाची निम्मी तिकिटं खिडकीवर ठेवली, माणशी दोन, आणि रांग लावायला पप्पांना बोलावलं. पप्पा शिट्टी घेऊन गेले. वर्तमानपत्रात वाचकांच्या पत्रांत या गैरसोयीबद्दल तक्रार आली, की आजच्या युगात पुणेकरांना उन्हात उभं करतात. पप्पांनी ती वाचली आणि रांगेवर मांडव घालायला सांगितलं. तिकिटं दुपारपर्यंत गेली. सगळी माणसांनाच गेली.

याच सुमारास ऑफिसात माझ्या टीम लीडला एका परदेशी बँडच्या कार्यक्रमाची तिकिटं हवी होती. तो माझ्या डेस्कशी आला. ‘तू एक छोटी स्क्रिप्ट टाकून देशील का? दहाच्या ठोक्याला चालवू.’

मी नाही म्हटलं.

‘का? आपल्याकडे त्याच्याविरुद्ध कायदा कुठे आहे?’

‘आमच्या घरी आहे,’ मी म्हटलं.

त्याला हा विनोद वाटला. त्यानं ती स्क्रिप्ट दुसऱ्याकडून करून घेतली, तिकिटंही मिळाली. सोमवारी मी विचारलं, कार्यक्रम कसा झाला. चांगला झाला म्हणाला, पण पार्किंगचा फार त्रास.